वडिलांचं खातं इन्कम टॅक्सने फ्रीज केलं, तेरा लाखांची डिमांड निघाली : आता नेमकं काय करायचं

तुमचा प्रश्न मी असा समजलोय. फलटणला वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे, आता ते चौसष्ट वर्षांचे. नोटबंदीत त्यांनी सहा लाख कॅश बँकेत भरली होती. मागच्या आठवड्यात बँकेचा मेसेज आला, खात्यावर तेरा लाख एकवीस हजारांचं लीन (म्हणजे तेवढी रक्कम अडवून ठेवणं) पडलंय, आत आहेत दोन लाख अडतीस हजार, ॲपमध्ये बॅलन्स मायनसमध्ये दिसतोय. बँक मॅनेजर म्हणतो इन्कम टॅक्सकडे जा. इन्कम टॅक्सवाले म्हणतात २०१९ ची ऑर्डर आहे, अपील का नाही केलं. वडिलांना रात्री झोप नाही, अटक होईल का म्हणून विचारतायत आणि शेजारचे सल्ला देतायत की दुकान आईच्या नावावर करून टाका.

मी चोवीस वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल, पण शेवटपर्यंत वाचा. आणि दुकान आईच्या नावावर करायचं तेवढं आज करू नका, कारण पुढे सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमच्यासमोर दोन वेगवेगळी कामं आहेत. वसुली थांबवणं हे एक आणि डिमांड, म्हणजे टॅक्सची मागणीच, उडवणं हे दुसरं. दोन्हीची माणसं वेगळी, कागद वेगळे, मुदती वेगळ्या. लोक काय करतात, आयटीओसमोर, म्हणजे इन्कम टॅक्स ऑफिसरसमोर, जाऊन तासभर सांगत बसतात की साहेब ती कॅश धनत्रयोदशीच्या विक्रीची होती हो, खरंच होती. आणि साहेब ऐकून घेतात, चहाही विचारतात एखादे, पण त्यांच्या हातात आता ती ऑर्डर बदलणं नाहीच, ऑर्डर झाली की ते वसुली अधिकारी. उलट दुसरे लोक अपील टाकून घरी निवांत बसतात, की झालं आता स्टे (वसुलीला स्थगिती) लागला. नाही लागत. इन्कम टॅक्समध्ये अपील केलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, स्टे वेगळा मागावा लागतो. जीएसटीत उलट आहे, तिथे वादातल्या टॅक्सच्या १० टक्के भरून अपील केलं की बाकीची वसुली कायद्यानेच थांबते, त्यामुळे व्यापारी लोकांचा हा गोंधळ फार होतो.

बरं, आता तेरा लाख आले कुठून ते बघू, कारण सहा लाख भरले आणि तेरा लाख मागतायत यात वडिलांना अन्याय वाटत असेल. तुमची ऑर्डर मी पाहिली नाही, पण आकडा मांडून पाहिला तर बरोबर जुळतो. वडिलांनी त्या वर्षीचं रिटर्न भरलं नव्हतं, नोटिसांना उत्तर गेलं नाही, म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये कलम १४४ खाली एकतर्फी ऑर्डर झाली. सगळी सहा लाखांची कॅश कुठून आली ते सांगितलं नाही असं धरून कलम ११५बीबीई लावलं. त्या वर्षासाठी त्याचा दर ६० टक्के, त्यावर २५ टक्के सरचार्ज आणि ३ टक्के सेस, म्हणजे एकूण ७७.२५ टक्के. सहा लाखांवर झाले ४,६३,५००. रिटर्न भरलं नाही म्हणून २३४ए चं व्याज २९ महिन्यांचं, १,३४,४१५. ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष चालू असतानाच भरायचा टॅक्स, भरला नाही म्हणून २३४बी चं ३३ महिन्यांचं, १,५२,९५५. बेरीज ७,५०,८७०. ही मूळ डिमांड. मग डिमांड नोटिशीचे ३० दिवस संपले आणि फेब्रुवारी २०२० पासून कलम २२०(२) चं व्याज चालू झालं, महिना १ टक्का, म्हणजे महिन्याला साडेसात हजार, तेही झोपेत. आतापर्यंत ७६ महिने. पाच लाख सत्तर हजार. झाले तेरा लाख एकवीस हजार.

हे सगळं गणित घरात एकदा कागदावर मांडून वडिलांना दाखवा. मी नेहमी दाखवतो. आकडा कुठून आला ते कळलं की माणूस जरा शांत होतो.

आता पहिलं काम, आजच्या आज. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर वडिलांच्या पॅनने लॉगिन करा. पासवर्ड नसेल तर आधार ओटीपीने रिसेट होतो. प्रोफाइलमध्ये ईमेल आणि मोबाईल कुणाचा आहे ते बघा. तुम्ही लिहिलंय की २०१४ साली लोनसाठी एका टॅक्सवाल्याकडून एकदा रिटर्न भरलं होतं. पैजेवर सांगतो, ईमेल त्यांचाच असणार. आपल्याकडे तालुक्याच्या गावात एकेका सल्लागाराच्या एका ईमेलवर दोनशे-तीनशे पॅन असायचे, मी स्वतः सुरुवातीच्या काळात असंच करायचो, खोटं कशाला बोलू. नोटिसा तिथे पडल्या, कुणी उघडल्या नाहीत. त्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, मग ईमेल बदला. हा स्क्रीनशॉट पुढे फार कामाचा आहे.

मग 'पेंडिंग ॲक्शन्स' मध्ये 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड' उघडा. तिथे किती ओळी आहेत बघा. एकच नसेल कदाचित, ११५बीबीई लागलं की त्या टॅक्सच्या १० टक्के पेनल्टी २७१एएसी खाली वेगळी लागू शकते आणि तिची डिमांड वेगळी दिसते, तिचं अपीलही वेगळं. 'ई-प्रोसीडिंग्ज' मध्ये जाऊन ऑर्डर, डिमांड नोटीस, आधीच्या सगळ्या नोटिसा डाउनलोड करा. प्रत्येक कागदावर डीआयएन नंबर (त्या कागदाचा ओळख क्रमांक) असतो, १ ऑक्टोबर २०१९ पासून तो बंधनकारक आहे, तुमची ऑर्डर त्यानंतरची. लॉगिन न करताही पोर्टलवर तो नंबर टाकून कागद खरा की खोटा ते तपासता येतं. हल्ली व्हॉट्सॲपवर खोट्या नोटिसा फिरतात आणि कुणीतरी फोन करून म्हणतो वीस हजार द्या, मॅटर क्लोज करतो, त्यामुळे हे सांगतोय.

एक मात्र करू नका. त्या डिमांडच्या पानावर 'डिमांड बरोबर आहे' असं बटण असतं, ते घाबरून दाबू नका. दाबलं की तुम्ही मान्य केलं असं होतं.

बँकेशी भांडू नका. बँकेला कलम २२६(३) ची नोटीस आलेली असते. तुमचे जे पैसे तिच्याकडे आहेत आणि पुढे येतील ते सरकारला द्यायचे असा तो हुकूम असतो आणि नाही पाळला तर बँकच थकबाकीदार धरली जाते. मॅनेजर काय करणार. पण बँकेकडून दोन गोष्टी घ्या. त्या नोटिशीची कॉपी, आणि पैसे अजून खात्यातच आहेत की डिपार्टमेंटला पाठवले ते. काही बँका आठवडाभर नुसतं लीन ठेवतात, काही चौथ्या दिवशी पाठवून मोकळ्या होतात. पैसे गेले नसतील तर तुमच्या हातात वाटाघाटीला काहीतरी आहे.

'पुढे येतील ते' हा शब्द लक्षात घ्या. दुकानाचा क्यूआर याच खात्याचा असेल तर रोजचा गल्ला तिथेच अडकत जाणार. तुम्ही लिहिलंय की म्हणून तुमच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर लावलाय. काढा तो. दुकानाची विक्री तुमच्या खात्यात दिसायला लागली की उद्या तीच तुमची कमाई का धरू नये म्हणून तुम्हालाच नोटीस येईल, आणि आयटीओला कळलं तर वडिलांच्या स्टेच्या अर्जावर पहिला परिणाम त्याचाच होईल. आठ-दहा दिवस रोखीत चालवा, रोजची विक्री वहीत लिहा.

आई-वडिलांचं जॉइंट खातं दुसऱ्या बँकेत आहे, त्याचं विचारलंय. तिथेही नोटीस जाऊ शकते. कायदा असं धरतो की जॉइंट खात्यात दोघांचा हिस्सा सारखा, जोवर वेगळं सिद्ध होत नाही तोवर. त्यातले पैसे आईच्या माहेरच्या जमिनीचे आले असतील तर ते दाखवणारा कागद आत्ताच शोधून ठेवा. आणि कधी कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट खातं अडकवलं तर तेही सांगा त्यांना, न वापरलेली लिमिट ही बँकेने द्यायचं कर्ज असतं, तो तुमचा पैसा नव्हे, मद्रास हायकोर्टाने हे १९५८ मध्येच म्हटलंय.

आता मूळ मुद्दा, डिमांड उडवणं. ते आधी घेतो कारण स्टे मागायला अपील दाखल असावं लागतं.

अपीलची मुदत ३० दिवस, ती जानेवारी २०२० मध्येच संपली. कोविडच्या काळात सुप्रीम कोर्टाने मुदती वाढवल्या होत्या, पण त्या १५ मार्च २०२० पासून, तुमची त्याच्या दीड महिना आधीच गेली, त्यामुळे थेट फायदा नाही. तरी उशीर माफ होऊ शकतो, पुरेसं कारण दाखवलं तर. पुरेसं कारण म्हणजे वडील आजारी होते, अडाणी आहेत असलं गुळमुळीत नाही चालत. तारखेवार प्रतिज्ञापत्र लागतं. ईमेल सल्लागाराचा होता, हा स्क्रीनशॉट. कागदी नोटीस पोस्टाने आली का, आली तर कुणी घेतली. ऑर्डर झाल्याचं पहिल्यांदा कधी कळलं, बँकेचा हा मेसेज, ही तारीख. त्यानंतर कधी अपील केलं. म्हणून म्हणतो, कळल्यापासून ३० दिवसांच्या आत टाकाच, आता जो उशीर होईल त्याला काही कारण देता येणार नाही. त्या सल्लागाराने 'मला नोटिसा आल्या होत्या, मी कळवायचं राहून गेलं' असं लिहून दिलं तर सोन्याहून पिवळं, पण सहसा कुणी देत नाही.

फॉर्म ३५ पोर्टलवरच भरायचा, फी १,००० रुपये. आणि इथे एक खड्डा आहे ज्यात भरपूर अपिलं पडतात. कलम २४९(४). रिटर्न भरलेलंच नसेल तर जेवढा ॲडव्हान्स टॅक्स लागू होता तेवढा भरल्याशिवाय अपील दाखलच करून घेत नाहीत. फॉर्ममध्ये तो रकाना असतो, लोक कोरा सोडतात आणि मग दोन वर्षांनी एका ओळीत अपील फेटाळलं जातं. वडिलांच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. तुम्ही म्हणता वर्षाची विक्री चौदा लाखांच्या आसपास होती. छोट्या व्यापाऱ्याला ४४एडी खाली ८ टक्के नफा धरला तर होतात १,१२,०००. त्या वर्षी साठच्या आतल्या माणसाला अडीच लाखांपर्यंत टॅक्स नव्हता. म्हणजे ॲडव्हान्स टॅक्स शून्य. हे तिथे स्पष्ट लिहा, आणि शेवटी जोडून या अटीतून सूट मिळावी असाही अर्ज करा.

तुमच्या लक्षात आलं असेल यात काय आहे ते. ती कॅश दुकानाच्या विक्रीची होती एवढं पटवता आलं तर साडेसात लाखांची डिमांड शून्यावर येऊ शकते. मधलं काही नाही, एक तर विक्री नाहीतर ७७ टक्के.

मग पटवायचं कसं. २०१६ ची धनत्रयोदशी होती २८ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ३० ला आणि नोटबंदी ८ नोव्हेंबरला. भांड्याच्या दुकानाचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आणि नोटबंदी यात अकरा दिवसांचं अंतर आहे. वरून दिवाळीनंतर लगीनसराईची भांडी. दुकानदाराकडे ८ तारखेला गल्ल्यात कॅश असणारच, नसती तर मला नवल वाटलं असतं. पण नवल वाटून चालत नाही, कागद लागतो. २०१५ च्या नोव्हेंबरचं बँक स्टेटमेंट काढा, दिवाळीनंतर तेव्हाही मोठा भरणा दिसत असेल तर तो तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा, कारण तेव्हा कुणाला नोटबंदीची स्वप्नं पडत नव्हती. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०१६ मधली होलसेलवाल्यांची खरेदीची बिलं, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, त्यांच्याकडून तुमच्या खात्याचा उतारा. माल आला होता म्हणजे विकला गेला. उधारीची वही, विक्रीची चोपडी, कितीही मळकी असू दे. नवीन वही लिहून काढू नका, शाई आणि कागद बघणाऱ्याला कळतं आणि सगळीच केस जाते.

भरण्याच्या तारखा बघा. १० ते १५ नोव्हेंबरच्या आत एकदोन वेळेला भरले असतील तर बरं. डिसेंबरच्या शेवटी भरले असतील तर इतके दिवस का ठेवले ते सांगावं लागेल, रांगा होत्या, गर्दी होती वगैरे. आणि चुकूनही असं लिहू नका की ८ नोव्हेंबरनंतर जुन्या नोटा घेऊन विक्री केली. पेट्रोल पंप, दवाखाने अशा ठरावीक ठिकाणीच त्या चालत होत्या, भांड्याच्या दुकानाला परवानगी नव्हती. एका केसमध्ये पक्षकाराने मला न विचारता असं उत्तर आधीच देऊन टाकलं होतं, आणि ते निस्तरता निस्तरता आमचे केस पांढरे झाले. आणखी एक, सरकारनेच फेब्रुवारी २०१७ मध्ये सांगितलं होतं की अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याबद्दल साध्या माणसाला विचारू नका, पण ते ज्यांचा धंदा नाही त्यांच्यासाठी, तुम्ही धंद्याची विक्री म्हणताय तेव्हा तो आधार घेऊ नका, दोन दगडांवर पाय होतो.

अपील फेसलेस आहे, समोर कुणी बसत नाही, जे अपलोड कराल तेच तुमचं तोंड. एक चांगली गोष्ट झालीय, १ ऑक्टोबर २०२४ पासून एकतर्फी ऑर्डर असेल तर अपील कमिशनर ती रद्द करून पुन्हा तपासणीसाठी खाली पाठवू शकतात, आधी ते अधिकार काढून घेतलेले होते. तुमच्यासारख्या केसला हे बरं पडतं, कारण तुमचे पुरावे आजवर कुणी पाहिलेच नाहीत.

आता वसुली थांबवणं. ज्या दिवशी अपील टाकाल त्याच दिवशी कलम २२०(६) खाली स्टेचा अर्ज आयटीओकडे द्या, पोर्टलवरून आणि शिवाय कागदावर, इनवर्डचा शिक्का मारून घ्या. सीबीडीटीचं, म्हणजे इन्कम टॅक्सच्या वरच्या केंद्रीय बोर्डाचं, ३१ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, वादातल्या डिमांडच्या २० टक्के भरले की अपीलचा निकाल लागेपर्यंत बाकीला स्टे द्यायचा. आधी ते १५ टक्के होतं. २० टक्के म्हणजे तुमचे १,५०,१७४, मूळ डिमांडवर. साहेब म्हणतील व्याजासकट तेरा लाखांच्या २० टक्के भरा, तिथे नम्रपणे अडा, वाद मूळ ७,५०,८७० चा आहे, व्याज त्याच्या मागून चालत येतं.

आणि पैसे बाहेरून आणायची गरज नाही. खात्यात अडकलेत ते २,३८,००० आहेतच ना. अर्जात लिहा की यातले १,५०,१७४ बँकेने डिपार्टमेंटला पाठवावेत, बाकीचे ८७ हजार आणि पुढचं सगळं मोकळं करावं, दुकान बंद पडलं तर कुणालाच काही मिळणार नाही. अशी मांडणी मी बऱ्याचदा मान्य करून घेतलीय. अधिकाऱ्यालाही महिन्याचं वसुलीचं टार्गेट असतं हो, त्याला काहीतरी दाखवायला मिळतं, तुम्हाला खातं मिळतं.

२० टक्के ही दगडावरची रेघ नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की त्याहून कमीवरही स्टे देता येतो. मुंबई हायकोर्टाचे दोन निकाल अर्जात जरूर टाका, २००१ चा केईसी इंटरनॅशनलचा, स्टेच्या अर्जावर कारणं देऊन ऑर्डर करा आणि नाकारलात तर माणसाला वर जायला वेळ द्या असं सांगणारा, आणि २०१२ चा यूटीआय म्युच्युअल फंडचा, बँक खात्यावर जाण्याआधी पुरेशी पूर्वसूचना द्या असं सांगणारा. तुम्हाला आधी काहीच पत्र आलं नसेल तर दुसरा फारच कामाचा. पण आधी ते पत्र त्या जुन्या ईमेलवर पडलंय का ते तपासून मगच लिहा, नाहीतर तोंडघशी पडाल.

आयटीओ नाही म्हणाले तर वर प्रिन्सिपल कमिशनरकडे अर्ज. तिथेही नाही झालं तर हायकोर्टात रिट. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, आता ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा जिल्हा त्यातच येतो, म्हणजे फलटणहून सकाळी निघून संध्याकाळी परत. तरी खर्च आहेच, साडेसात लाखांच्या केसला मी शक्यतो खालीच मिटवायला बघतो.

तुमच्या केसमध्ये साहेब असंही म्हणू शकतात की अपीलच सहा वर्षं उशिरा आहे, ते दाखल होईल की नाही ठाऊक नाही, स्टे कशाचा. मग हप्ते मागायची तयारी ठेवा. कायद्यात २२०(३) खाली हप्त्यांचा अर्ज मुळात त्या पहिल्या ३० दिवसांतच करायचा असतो, पण व्यवहारात अधिकारी नंतरही हप्ते करून देतात. झेपेल तेवढाच हप्ता बोला. एक चुकला की सगळी रक्कम एकदम देय होते.

पैसे भराल तेव्हा 'ई-पे टॅक्स' मध्ये 'डिमांड पेमेंट ॲज रेग्युलर असेसमेंट टॅक्स', कोड ४०० हेच निवडा आणि डिमांड रेफरन्स नंबर येतोय ना बघा. मी नवीन असताना एका क्लायंटचे अठ्ठावीस हजार ३०० मध्ये म्हणजे सेल्फ असेसमेंटमध्ये भरले, पैसे सरकारकडे गेले आणि डिमांड जशीच्या तशी उभी, व्याज चालूच. चलन दुरुस्तीला सात महिने गेले, व्याजाचे पैसे मी माझ्या खिशातून दिले.

आता दुकान आईच्या नावावर. कलम २८१ म्हणतं की अशी कारवाई चालू असताना केलेलं हस्तांतर टॅक्सच्या वसुलीपुरतं रद्दबातल, अपवाद म्हणजे पूर्ण किंमत घेऊन, समोरच्याला काही माहिती नसताना केलेलं किंवा अधिकाऱ्याची आधी परवानगी घेतलेलं. बायकोला बक्षीसपत्र यात कुठेच बसत नाही. शिवाय कलम २२२ मध्ये लिहूनच ठेवलंय की १ जून १९७३ नंतर बायकोला, अज्ञान (म्हणजे वयाने लहान) मुलाला, सुनेला, अज्ञान नातवंडाला मोबदल्याशिवाय दिलेली मालमत्ता ही थकबाकीदाराचीच धरायची. म्हणजे स्टॅम्प ड्युटी वाया, दुकान तरी अडकणारच आणि वर तुमच्या वडिलांवर लपवाछपवीचा शिक्का.

अटकेचं. वडिलांना सांगा, नीट झोपा. टॅक्स रिकव्हरी ऑफिसरला अटकेचा अधिकार कायद्यात आहे, हे खरं. पण त्याआधी त्याने थकबाकीचं सर्टिफिकेट काढायचं, १५ दिवसांची नोटीस द्यायची, मग कारणे दाखवा नोटीस द्यायची, आणि माणसाने मालमत्ता लपवली किंवा पैसे असून मुद्दाम देत नाही असं त्याला पटायला हवं. बाईला तर अटक करताच येत नाही. चोवीस वर्षांत माझ्या एकाही क्लायंटवर ही वेळ आली नाही. जास्त घडतं ते जागेवर टाच, म्हणजे सिटी सर्व्हेला किंवा तलाठ्याकडे पत्र जातं, सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढतो, मग विकता येत नाही की गहाण ठेवता येत नाही, पण तुम्ही राहताय तिथेच राहता. घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत, आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचे नसतात ते दागिनेही नाहीत, म्हणजे आईचं मंगळसूत्र सुरक्षित आहे. हे दिवाणी कायद्यातच लिहिलंय.

कुणी म्हणेल डिमांड जुनी झाली की माफ होते. २०२४ च्या अंतरिम बजेटमध्ये जुन्या छोट्या डिमांड माफ केल्या खऱ्या, पण असेसमेंट इयर (कमाईच्या पुढचं वर्ष) २०१०-११ पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि त्यापुढे २०१५-१६ पर्यंतच्या १० हजारांपर्यंतच्या. तुमचं वर्ष २०१७-१८, तुम्ही त्यात नाही. टॅक्सचे वाद मिटवायची विवाद से विश्वास योजनाही ३० एप्रिल २०२५ ला बंद झाली. चाळीस टक्क्यांत सेटलमेंट करून देतो म्हणणारा भेटला तर तो खोटं बोलतोय, इन्कम टॅक्समध्ये अशी घासाघीस होतच नाही. व्याज मात्र कमी होऊ शकतं, २२०(२ए) खाली कमिशनरकडे अर्ज करून. त्यात खरी अडचण, आपल्या हाताबाहेरचं कारण आणि डिपार्टमेंटला सहकार्य या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. तो अर्ज अपीलचा निकाल उलटा लागला तर शेवटचा पत्ता म्हणून ठेवा. अपील जिंकलात तर डिमांडबरोबर ते व्याजही जातं, आणि भरलेले दीड लाख परत येतात, महिना अर्धा टक्का व्याजाने. घेताना एक, देताना अर्धा, असो.

१ एप्रिल २०२६ पासून नवा इन्कम टॅक्स ॲक्ट लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत. तुमची ऑर्डर १९६१ च्या कायद्याखालची आहे म्हणून मी जुनेच नंबर लिहिलेत, अर्जातही तेच राहू द्या.

खातं सोडल्याची ऑर्डर निघाली की लोक निर्धास्त होतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फोन येतो, सर अजून मायनसच दिसतंय. आयटीओ बँकेला ईमेल करतात, तो बँकेच्या कुठल्यातरी सेंट्रल सेलला जातो आणि तिथे पडून राहतो. ऑर्डरची सहीशिक्क्याची प्रत स्वतः शाखेत नेऊन द्या, पोच घ्या, आणि त्यात वडिलांच्या त्या बँकेतल्या सगळ्या खात्यांचा उल्लेख आहे ना ते वाचून घ्या, एफडी राहून गेली तर तिच्यासाठी पुन्हा सगळा फेरा.